नोटेवरची सही आणि जन्माचा दाखला

चलनी नोट हा खरे पाहता कागदाचा एक तुकडा. परंतु त्यावर एका जबाबदार अधिकाऱ्याची सही असते, त्या सहीवर लोकांचा विश्वास असतो, आणि म्हणूनच त्या कागदाला धान्य मिळते, कापड मिळते, मजुराचे दिवसभराचे श्रमही मिळतात. सही करणारा कोणत्या गावचा, त्याचा बाप कोण, आई कोठली, अशी चौकशी नोट घेणारा कधी करीत नाही. सही वटते की नाही, एवढेच तो पाहतो. राजकारणाच्या बाजारात मात्र पत ठरविण्याची रीत निराळी आहे. तेथे माणसाच्या कर्तबगारीआधी त्याचे मूळ विचारले जाऊ शकते. पश्चिम आफ्रिकेतील कोत दिव्वार या देशाचे अलासान वातारा यांच्या चरित्रात या दोन्ही रीतींची गाठ पडली. ज्यांच्या सहीची नोट सात देशांत बिनतक्रार चालत होती, त्यांना स्वतःच्या देशात निवडणुकीला उभे राहण्यासाठी आईबापांचे मूळ सिद्ध करावे लागले. आणि ते सिद्ध झाले असे मानायला त्यांचे विरोधक वर्षानुवर्षे तयार नव्हते.

कोत दिव्वार याचा अर्थ हस्तिदंताचा किनारा. इंग्रजीतून आपल्याला त्याची ओळख आयव्हरी कोस्ट या नावाने आहे. गिनीच्या आखातावर वसलेला हा देश फ्रेंचांच्या अमलाखाली होता आणि ७ ऑगस्ट १९६० रोजी स्वतंत्र झाला. चॉकलेट ज्यापासून बनते तो कोको जगात सर्वांत अधिक याच देशात पिकतो. काजूचेही पीक तेथे विपुल आहे आणि भारतातील काजूच्या कारखान्यांना तेथून कच्ची बी येत असते. देशाचा दक्षिण भाग अरण्याचा, पावसाचा आणि मळ्यांचा. उत्तर भाग कोरडा, गवताळ. त्या उत्तरेकडून आणि सीमेपलीकडच्या अपर व्होल्टा व माली या देशांतून मजुरांचे लोंढे पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेच्या कोकोच्या मळ्यांत येत राहिले. स्वतंत्र देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वान्यी यांचे धोरण कसेल त्याची जमीन असे होते. कसणारा कोठून आला हे त्यांनी फारसे पाहिले नाही. या धोरणाने देश संपन्न झाला. पण १९९८च्या खानेसुमारीत दर चार माणसांमागे एक परदेशी नागरिक, असेही चित्र दिसून आले. पुढच्या साऱ्या कलहाचे बीज या समृद्धीतच पेरले गेले होते.

अलासान वातारा यांचा जन्म १ जानेवारी १९४२ रोजी कोत दिव्वारमधील दिम्बोक्रो या गावी झाला. त्यांच्या वडिलांचा संबंध सीमेच्या उत्तरेस असलेल्या सिंदू या गावाशी होता आणि अलासान यांचे शालेय शिक्षण बरेचसे अपर व्होल्टात झाले. आजच्या नकाशावर ही दोन स्वतंत्र राष्ट्रे आहेत. १९४२ साली मात्र अपर व्होल्टा या नावाची वसाहतच अस्तित्वात नव्हती. फ्रेंच सरकारने १९३२ साली ती मोडून तिचा बराच मोठा भाग कोत दिव्वारला जोडला होता, आणि १९४७ साली ती पुन्हा वेगळी केली. एखाद्या माणसाने घर न बदलता त्याचा मुलूख दोनदा बदलावा, असा तो काळ होता. त्या काळात जन्मलेल्या माणसाला तू मूळचा कोठला असे विचारणे सोपे. उत्तर देणे सोपे नव्हते.

१९६२च्या सुमारास शिष्यवृत्ती मिळवून हा तरुण अमेरिकेत फिलाडेल्फियास गेला. फ्रेंच भाषेत वाढलेल्या आफ्रिकन विद्यार्थ्याने पॅरिसऐवजी अमेरिकेची वाट धरावी हे त्या वेळी विशेषच होते. तेथील ड्रेक्सेल संस्थेतून त्यांनी १९६५ साली पदवी घेतली आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९७२ साली अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. तत्पूर्वीच, १९६८ साली, ते वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत अर्थतज्ज्ञ म्हणून रुजू झाले होते. १९७३ साली ते पश्चिम आफ्रिकी राज्यांच्या मध्यवर्ती बँकेत आले, १९८३ साली तिचे उपगव्हर्नर झाले, पुढच्या वर्षी नाणेनिधीच्या आफ्रिका विभागाचे संचालक म्हणून पुन्हा वॉशिंग्टनला गेले, आणि १९८८ साली त्याच मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होऊन डकारला परतले.

ही बँक कशी चालते हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण या चरित्राचे मर्म तेथे आहे. आपल्याकडे एका देशाला एक रिझर्व्ह बँक. तेथे त्या वेळी बेनिन, बुर्किना फासो, कोत दिव्वार, माली, नायजर, सेनेगल आणि टोगो या सात देशांची मिळून एकच मध्यवर्ती बँक होती. पुढे १९९७ साली गिनी-बिसाऊ हा आठवा देश तीत सामील झाला. चलन एकच, त्याचे नाव सीएफए फ्रँक. ते फ्रेंच फ्रँकशी ठरीव दराने बांधलेले होते आणि या बंधनाची हमी फ्रान्सचा खजिना देत असे. त्याच्या मोबदल्यात गंगाजळीचा मोठा हिस्सा पॅरिसमध्ये ठेवावा लागे. या नोटांची एक गंमत अशी की, प्रत्येक नोटेच्या क्रमांकाबरोबर ती कोणत्या देशाच्या नावे निघाली हे सांगणारे एक अक्षर छापलेले असते. म्हणजे नोटेलाही आपले मूळ असते. परंतु सेनेगलची नोट टोगोच्या बाजारात दिली तर दुकानदार ती परत करीत नाही. मूळ छापलेले असूनही व्यवहारात ते आड येत नाही, हीच त्या चलनाची ताकद.

मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नराने राजकारणात यावे ही गोष्ट मराठी श्रोत्यांना अपरिचित नाही. चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते आणि १९५० साली ते केंद्राचे अर्थमंत्री झाले. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी ते पद सोडले, हेही सर्वश्रुत आहे. हिशेबाच्या शिस्तीत घडलेला माणूस सत्तेत आला म्हणजे त्याची कसोटी हिशेबाच्या बाहेरच्या एखाद्या प्रश्नावर लागते. वातारा यांच्याही बाबतीत तसेच घडले. मात्र तो प्रश्न त्यांच्या स्वतःच्या जन्माचा होता.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस कोकोचे भाव जगभर कोसळले. उफुए-ब्वान्यी यांच्या सरकारने १९८७ साली परकीय कर्जाची फेड थांबविली, आणि १९८९ साली शेतकऱ्याला द्यावयाचा कोकोचा भाव किलोमागे ४०० फ्रँकांवरून २०० फ्रँकांवर आणला. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्षांच्या जन्मगावी, यामुसुक्रो येथे, एक अतिभव्य चर्च उभे राहत होते आणि १९९०च्या सप्टेंबरात पोपच्या हस्ते त्याचे समर्पण झाले. पगारकपातीच्या वार्तेने विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले. वृद्ध राष्ट्राध्यक्षांना एकपक्षीय राजवट सोडावी लागली, आणि घर सावरण्यासाठी त्यांनी डकारहून गव्हर्नर वातारा यांना बोलावून घेतले. प्रथम एका आर्थिक समितीचे अध्यक्षपद आणि ७ नोव्हेंबर १९९० रोजी पंतप्रधानपद, अशा क्रमाने हा बँकर राजकारणात आला.

पंतप्रधान म्हणून त्यांनी खर्चाला कात्री लावली, सरकारी उद्योगांतून सरकारचे अंग काढून घेतले, करवसुली कडक केली. बँकरच्या दृष्टीने हे सारे बिनचूक होते. परंतु दोन गोष्टींची नोंद येथेच केली पाहिजे. उत्पन्न वाढविण्याच्या उपायांत त्यांच्या सरकारने परदेशी रहिवाशांसाठी सशुल्क निवास-परवाना सुरू केला. हिशेबाच्या वहीत ती महसुलाची एक बाब होती. रस्त्यावरच्या शिपायाच्या हातात मात्र ते एक साधन झाले. ज्याचे नाव उत्तरेकडचे, ज्याचा पोषाख मुसलमानी, त्याला थांबवून तू इथला की बाहेरचा असे विचारण्याचे. दुसरी गोष्ट अशी की, १९९२च्या फेब्रुवारीत निदर्शने चिघळली तेव्हा विरोधी पक्षाचे नेते, इतिहासाचे प्राध्यापक लोराँ बाग्बो यांना तुरुंगात टाकण्यात आले. त्या वेळी पंतप्रधानपदी वातारा होते. बाग्बो यांचे नाव पुन्हा येणार आहे.

७ डिसेंबर १९९३ रोजी उफुए-ब्वान्यी वारले. राज्यघटनेप्रमाणे उत्तराधिकार राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष आँरी कोनान बेदिए यांच्याकडे जात होता. दोन दिवस सत्तेची ओढाताण झाली, आणि वातारा यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. पुढच्या महिन्यात, जानेवारी १९९४ मध्ये, सीएफए फ्रँकची किंमत एका रात्रीत निम्म्यावर आणण्यात आली. एका फ्रेंच फ्रँकला ५० मिळत होते त्या ठिकाणी १०० मिळू लागले. वातारा त्याच वर्षी नाणेनिधीचे उपव्यवस्थापकीय संचालक होऊन पुन्हा वॉशिंग्टनला गेले.

ते दूर गेले तरी त्यांची धास्ती गेली नाही. बेदिए यांच्या गोटात भूमिपुत्रांचा एक नवा सिद्धांत मांडला जाऊ लागला आणि १९९४च्या डिसेंबरात निवडणुकीचा कायदा बदलण्यात आला. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे आई आणि वडील दोघेही कोत दिव्वारचे असले पाहिजेत आणि तो स्वतः पाच वर्षे सलग देशात राहिलेला असला पाहिजे, अशी अट आली. कायद्यात कोणाचे नाव नव्हते, पण माप कोणाच्या अंगाचे घेतले आहे हे सर्वांना कळत होते. १९९५च्या निवडणुकीत वातारा उभे राहिले नाहीत. १९९९ साली ते नाणेनिधी सोडून परतले, उदारमतवादी विरोधी पक्षाचे अध्यक्ष झाले, आणि कागदपत्रांची लढाई सुरू झाली. त्यांचा राष्ट्रीयत्वाचा दाखला न्यायालयाने रद्द केला; त्यांच्या अटकेचा हुकूम निघाला.

यानंतरची दहा वर्षे त्या देशाने फार महाग किंमत देऊन काढली. १९९९च्या नाताळच्या आदल्या दिवशी सैन्याने बेदिए यांना पदच्युत केले. २०००च्या नव्या राज्यघटनेत आई आणि वडील या शब्दांमधील ‘आणि’ कायम राहिला. एका उभयान्वयी अव्ययावर सारे राष्ट्र वाद घालू लागले. ‘आणि’ असावे की ‘किंवा’? सर्वोच्च न्यायालयाने १९ पैकी १४ उमेदवारांचे अर्ज फेटाळले. त्यांत वातारा होते आणि स्वतः बेदिएही होते. लोराँ बाग्बो राष्ट्राध्यक्ष झाले. १९ सप्टेंबर २००२ रोजी बंड झाले आणि देशाचे दोन तुकडे पडले. उत्तर बंडखोरांकडे, दक्षिण सरकारकडे. वातारा यांना प्राण वाचविण्यासाठी परदेशी वकिलातीचा आश्रय घ्यावा लागला. अखेर २००५ साली, दक्षिण आफ्रिकेच्या मध्यस्थीनंतर, बाग्बो यांनी आपल्या खास अधिकारात वातारा यांच्या उमेदवारीला वाट करून दिली.

निवडणूक पुढे ढकलत ढकलत २०१०च्या ३१ ऑक्टोबरला झाली. पहिल्या फेरीत बाग्बो पहिले, वातारा दुसरे, बेदिए तिसरे आले. दुसऱ्या फेरीसाठी ज्यांनी एके काळी वातारा यांना परके ठरविले होते त्या बेदिए यांनी आपली मते वातारा यांच्या पारड्यात टाकली. निवडणूक आयोगाने वातारा यांना सुमारे ५४ टक्के मते मिळून ते विजयी झाल्याचे जाहीर केले, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधीने त्यास दुजोरा दिला. घटना परिषदेने मात्र उत्तरेकडच्या सात विभागांतील मते रद्द ठरवून बाग्बो यांना विजयी केले. ४ डिसेंबर २०१० रोजी एकाच देशात दोन राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली. एक राजवाड्यात, दुसरा आबिजाँ शहरातील एका हॉटेलात, संयुक्त राष्ट्रसंघाच्या पहाऱ्यात.

बाग्बो यांच्याकडे सैन्य होते, रेडिओ होता, राजवाडा होता. हॉटेलात कोंडलेल्या वातारा यांनी हात घातला तो आपल्या ओळखीच्या शस्त्राला. डिसेंबरच्या अखेरीस मध्यवर्ती बँकेच्या सदस्य देशांच्या अर्थमंत्र्यांनी ठराव केला की, कोत दिव्वारच्या खात्यावर यापुढे वातारा सरकारची सहीच मानली जाईल. बँकेचे तत्कालीन गव्हर्नर बाग्बो यांच्या बाजूचे समजले जात. त्यांना जानेवारी २०११ मध्ये राजीनामा द्यावा लागला. वातारा यांनी कोकोची निर्यात थांबविण्याचे आवाहन केले. परकीय रोख्यांवरचे व्याज थकले. बाग्बो यांनी मध्यवर्ती बँकेच्या आबिजाँ येथील कचेरीचा ताबा घेतला. पण इमारत ताब्यात येणे निराळे आणि पत ताब्यात येणे निराळे. बँकांमधील हिशेबांची देवघेव बंद पडली, फेब्रुवारीत मोठ्या परदेशी बँकांनी आपल्या शाखा बंद केल्या, आणि लोक पैशासाठी बंद दारांपुढे रांगा लावून उभे राहिले.

तथापि पैशाच्या कोंडीने हा तंटा मिटला असता तर फार बरे झाले असते. तसे झाले नाही. मार्चमध्ये उत्तरेचे सैन्य दक्षिणेकडे निघाले. पश्चिमेकडील दुएकुए येथे शेकडो माणसांची कत्तल झाली आणि तिचा ठपका वातारा यांच्या बाजूच्या सैनिकांवरही आला. आबिजाँत बाग्बो यांच्या सैन्याने वस्त्यांवर तोफगोळे टाकले. ११ एप्रिल २०११ रोजी, फ्रेंच आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सैन्याच्या साहाय्याने, बाग्बो पकडले गेले. या पाच महिन्यांत सुमारे ३००० माणसे मेली. ती कोणत्याच हिशेबाच्या वहीत जमेस धरता येत नाहीत. पुढे बाग्बो यांच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला आणि २०१९ साली ते निर्दोष सुटले. विजयी पक्षाच्या माणसांवर तसा खटला तेथे उभा राहिला नाही, ही गोष्ट हरलेल्यांच्या मनात सलत राहिली.

राष्ट्राध्यक्ष वातारा यांची आर्थिक कामगिरी मोठी आहे, हे विरोधकही नाकारीत नाहीत. २०१२ साली देशाच्या परकीय कर्जाचा मोठा भार माफ झाला. त्या वर्षापासून २०१९पर्यंत उत्पन्न दरसाल सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. युद्धामुळे आबिजाँ सोडून गेलेली आफ्रिकी विकास बँक २०१४ साली आपल्या मूळ शहरात परत आली. पूल झाले, रस्ते झाले, वीज झाली. २०१६ साली नवी राज्यघटना आली आणि तीत त्या प्रसिद्ध ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ बसला. आई किंवा वडील यांपैकी एक जण कोत दिव्वारचा असला म्हणजे पुरे. पण त्याच कलमात दुसरी अट राहिली, की उमेदवाराजवळ अन्य कोणत्याही देशाचे राष्ट्रीयत्व असता कामा नये.

२०२०च्या मार्चमध्ये वातारा यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले. त्यांनी निवडलेले वारस, पंतप्रधान आमादू गोन कुलिबाली, जुलैत अकस्मात वारले आणि वातारा यांनी आपला शब्द फिरविला. दोनच मुदतींची मर्यादा नव्या घटनेने नव्याने मोजायची, असा त्यांचा युक्तिवाद होता. विरोधकांनी बहिष्कार घातला, दंगलीत ऐंशीहून अधिक माणसे मेली, आणि वातारा यांना ९४ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. बँकेत खातेदार निघून गेल्यावर उरलेल्या शिलकेला वाढ म्हणत नाहीत. एवढ्या मोठ्या आकड्याकडेही तसेच पाहावे लागते.

२०२५च्या निवडणुकीपूर्वी बेदिए यांच्या जुन्या पक्षाने आपला उमेदवार म्हणून तिजान थियाम यांना पुढे केले. हेही बँकरच, स्वित्झर्लंडच्या क्रेडी स्वीस या विख्यात बँकेचे ते २०१५ ते २०२० या काळात मुख्य अधिकारी होते. त्यांनी १९८७ साली फ्रेंच नागरिकत्व घेतले होते आणि ते २०२५च्या मार्चमध्ये सोडले होते. न्यायालयाने एप्रिलमध्ये निर्णय दिला की, मतदारयादीत नाव घातले त्या वेळी ते कोत दिव्वारचे नागरिक नव्हते. आणि त्यांचे नाव यादीतून काढण्यात आले. यादीत नाव नाही म्हणजे उमेदवारीही नाही. बाग्बो यांनाही देशातील एका जुन्या शिक्षेमुळे उभे राहता आले नाही. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी ८३ वर्षांचे वातारा जवळजवळ ९० टक्के मतांनी चौथ्यांदा निवडून आले.

दोन्ही प्रकरणे एकसारखी नाहीत हे मान्य केले पाहिजे. वातारा यांना विचारले गेले ते त्यांच्या आईबापांविषयी, म्हणजे जे त्यांच्या हाती नव्हते त्याविषयी. थियाम यांना विचारले गेले ते त्यांनी स्वतः केलेल्या एका कृतीविषयी. नियम लिहिलेला होता हेही खरे. तरीही ज्या देशात ‘तू कोठला?’ या प्रश्नापायी हजारो माणसे मेली, तेथे तो प्रश्न पुन्हा दाराशी आला, आणि तो परतवून लावण्याचे सामर्थ्य ज्यांच्याजवळ होते त्यांनी एके काळी त्याची झळ स्वतः सोसली होती.

बँकर म्हणून वातारा यांनी आयुष्यभर एक तत्त्व पाळले, की पत टिकते ती नियम सर्वांना सारखा असतो म्हणून, आणि दिलेला शब्द मुदतीला पाळला जातो म्हणून. देशाचे जमाखर्च त्यांनी या तत्त्वाने सावरले. मतपेटीलाही हेच तत्त्व लागू करण्याची संधी त्यांना मिळाली होती. डकारच्या बँकेची नोट आजही आपल्या मूळ देशाचे अक्षर अंगावर घेऊन आठ देशांच्या बाजारांतून फिरते आणि कोठेही अडविली जात नाही. त्या नोटेला जे सहज साधले, ते तिच्यावर सही करणाऱ्याच्या देशातील माणसाला अद्याप साधावयाचे आहे.